नेम आणि परवाना : मध्य प्रांतापासून रोहण्यापर्यंत पीकरक्षक बंदुकीचा इतिहास

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात, पुलगाव-आर्वी मार्गावर रोहणा हे गाव वसलेले आहे. कपाशी, तूर, सोयाबीन व हरभरा ही या परिसरातील प्रमुख पिके होत. पीक हाताशी येऊ लागले की येथील शेतकऱ्याची रात्र जागलीत जाते. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर यांचे कळप एका रात्रीत वर्षभराच्या मेहनतीची नासाडी करतात. मचाण, गोफण, शेकोटी, डबे वाजवणे हे त्यावरील जुने उपाय. बंदूक हा त्यांतील शेवटचा उपाय, आणि राज्यसंस्थेच्या परवानगीवाचून वापरता न येणारा एकमेव उपाय.

शिकारीच्या इतिहासात शिकाऱ्यांच्या पराक्रमाची वर्णने विपुल आढळतात. परंतु झाडलेली गोळी नेमकी ठरल्या जागी लागेल, याची खात्री कोणी, कशी आणि कोणासाठी करून घेतली, हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. प्रस्तुत लेखात दारूगोळ्याची अचूकता तपासण्याच्या या छोट्याशा वाटणाऱ्या बाबीच्या आधारे पीकरक्षणाच्या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. अचूकता ही केवळ तांत्रिक बाब नसून ती कोणाच्या वाट्याला यावी हे कायद्याने ठरविले, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

मध्य प्रांतातील अचूकतेचा शोध

मध्य प्रांताची स्थापना १८६१ मध्ये झाली आणि १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा होऊन वर्धा जिल्हा अस्तित्वात आला. याच काळात कॅप्टन जेम्स फोर्सिथ हा अधिकारी सातपुड्याच्या जंगलांत काम करीत होता. पुढे तो निमाडचा बंदोबस्त अधिकारी व डेप्युटी कमिशनर झाला. त्याचा ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) हा ग्रंथ अभ्यासकांना परिचित आहे. मात्र त्यापूर्वी, १८६३ मध्ये, त्याने ‘द स्पोर्टिंग रायफल अँड इट्स प्रोजेक्टाइल्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले होते. आपल्या विषयाच्या दृष्टीने तेच अधिक महत्त्वाचे ठरते.

रायफलीच्या नळीत आतून सर्पिल खाचा असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व तिची दिशा स्थिर राहते. तथापि खाचांचा पीळ घट्ट असेल आणि दारू जास्त भरली, तर वाटोळी गोळी खाचांची पकड सोडून सरळ घसरते आणि नेम बिघडतो. फोर्सिथने यावर मंद पिळाचा पुरस्कार केला. त्याच्या रायफलीची नळी चौदा बोअरची, म्हणजे एक पौंड शिशातून चौदा गोळ्या होतील एवढ्या मापाची होती, आणि तिच्या खाचांचा एक पूर्ण फेरा १०४ इंचांचा होता. सव्वादोन फुटांच्या नळीत अशी गोळी जेमतेम पाव फेरा घेते. त्यामुळे दारूचे प्रमाण वाढविता येते, गोळीचा मार्ग जवळच्या अंतरावर सपाट राहतो आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. जंगलात अंतर मोजायला सवड नसते, हे या मांडणीमागील व्यावहारिक कारण होय.

दारूचे माप, गोळीचे वजन आणि नळीचा पीळ यांचा मेळ बसला की नाही, हे निशाणावर वारंवार गोळ्या झाडूनच कळते. मध्य प्रांतात ही जाण एकोणिसाव्या शतकातच आलेली होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

एक तुलना

याच पद्धतीचा पुढचा विकास अमेरिकेत झाला. तेथे शेताला व कुरणाला उपद्रव देणाऱ्या लहान प्राण्यांची शिकार करणारे अनेक जण वापरलेल्या काडतुसाच्या पितळी नळकांड्यात नवी टोपी, मोजलेली दारू व गोळी बसवून स्वतःच काडतुसे तयार करतात. १९३० मध्ये बाजारात आलेले ‘.२२ हॉर्नेट’ आणि १९५० मधील ‘.२२२ रेमिंग्टन’ ही काडतुसे या कामासाठी विशेष लोकप्रिय झाली. त्यांची चाचणी साधी असते. रायफल आधारावर स्थिर ठेवून शंभर यार्डांवरील निशाणावर एकाच मापाच्या तीन किंवा पाच गोळ्या झाडल्या जातात व छिद्रांमधील अंतर मोजले जाते. मग दारूचे माप किंचित बदलून पुन्हा तोच प्रयोग होतो. सर्वांत कमी विखुरणारे माप कायम केले जाते. एक गोळी मधोमध लागणे हा योगायोग असू शकतो. पाचही गोळ्या एकमेकींजवळ लागणे हा पुरावा असतो.

कायदा आणि ठासणीची बंदूक

हाताने भरलेला दारूगोळा विदर्भातील शेतकऱ्यालाही अपरिचित नाही. ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजेच भरमारचा, प्रत्येक बार हातानेच भरला जातो. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधी वा कागद गजाने ठासायचा, वरून छर्रे वा गोळी सोडायची आणि घोड्याखाली टोपी बसवायची, अशी ही क्रिया आहे. फरक एवढाच की येथे चाचणी नव्हती, आणि तिला वावही नव्हता.

१८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना शस्त्रासाठी परवाना बंधनकारक केला. त्याखालील नियमांनी युरोपियनांना मात्र दीर्घकाळ सूट दिली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र अधिनियम आला व तो १९६२ पासून अमलात आला. वंशभेद संपला, शस्त्रांची प्रतवारी राहिली. या अधिनियमाच्या कलम १३ नुसार प्रामाणिक पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळतो. ती पुरेशी नाही असे परवाना अधिकाऱ्यास पटल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते. रायफल मिळणे अशक्य नाही, पण त्यासाठी वेगळे सबळ कारण पटवून द्यावे लागते. कलम ५ प्रमाणे दारूगोळ्याची निर्मितीच नव्हे, तर चाचणीदेखील परवान्याच्या कक्षेत येते.

सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने ही काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. रायफलीची गोळी दूरवर जाते व सपाट मुलखात शेजारच्या शिवारातील माणसालाही लागू शकते. परंतु या प्रतवारीची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी फिरत नाही, म्हणून थोड्या अंतरानंतर तिचा भरवसा राहत नाही. काळी दारू ओल धरते, आणि पिकाची राखण नेमकी भादव्या-आश्विनातील दमट रात्रींत करावी लागते. परवान्यावर दारूगोळ्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते. त्यातील काही भाग निशाणावर खर्च करणे शेतकऱ्याला कसे परवडावे? परिणामी त्याचा पहिला बार हीच त्याची चाचणी ठरते. ती फसली तर जखमी डुक्कर तुरीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी निंदणाला आलेल्या मजुरांवर उलटण्याची भीती राहते.

सेवाग्राम ते १९७२

पीक राखताना प्राणी मारावा काय, हा प्रश्न वर्धा जिल्ह्यात वैचारिक पातळीवरही उपस्थित झाला होता. १९३६ पासून सेवाग्रामला वास्तव्य असलेल्या महात्मा गांधींनी १९४६ मध्ये ‘हरिजन’मधून पिकांची नासाडी करणाऱ्या माकडांच्या प्रश्नाची चर्चा केली. अन्नटंचाईच्या त्या काळात, माणसाच्या पोटावर येणाऱ्या प्राण्यांचा बंदोबस्त त्यांनी क्षम्य मानला. अहिंसेच्या पुरस्कर्त्याने शेतकऱ्याची ही अडचण ओळखली, ही बाब लक्षणीय आहे.

कायद्यानेही ती ओळखली. १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यात मालमत्तेच्या प्रामाणिक रक्षणासाठी केलेली हत्या वगळलेली होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने ही मोकळीक काढून परवानगीची अट घातली. कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या विशिष्ट प्राण्यांना मारण्याची लेखी परवानगी वनाधिकारी देऊ शकतो. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये रोही व रानडुक्कर यांच्याबाबत याच आधारे निर्णय काढला. मात्र कलम ११ च्या शब्दांत कोण मारील व का मारील याचा विचार आहे. कोणत्या शस्त्राने, किती अंतरावरून आणि किती खात्रीने, याचा नाही.

अचूकतेच्या अभावाची किंमत

बंदूक निरुपयोगी आणि परवानगी लांबची, अशा स्थितीत काही शेतकरी कुंपणात चोरून वीज सोडतात. विजेच्या तारेला नेम नसतो. तिला जो स्पर्श करील तो मरतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्रह्मपुरी भागातून आणून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली एक वाघीण वर्धा जिल्ह्यातच शेताच्या अशा कुंपणाला लागून मृत्युमुखी पडली. तार डुकरासाठी होती. रात्री बांधावरून जाणारी माणसेही अशा तारांना बळी पडतात. अचूक साधन नाकारल्याने हिंसा टळत नाही. ती आंधळी होते.

निष्कर्ष

रोहण्यापासून जवळच पुलगावला देशातील एक मोठे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे. राज्यसंस्थेजवळ दारूगोळा पारखण्याचे ज्ञान आहे, ते या जिल्ह्याच्या उंबरठ्यावर आहे. पीकरक्षणाच्या धोरणात मात्र ते उतरलेले नाही. यावरून गावोगावी रायफली वाटाव्यात असा अर्थ काढू नये. नुकसानभरपाई व सुरक्षित कुंपण यांना प्राधान्य मिळालेच पाहिजे. परंतु प्राणी मारण्याची परवानगी देणे अपरिहार्य झाले, तर तपासलेली रायफल, तपासलेली काडतुसे आणि सिद्ध केलेला नेमबाज पुरविणे ही परवानगी देणाऱ्याची जबाबदारी ठरते. फोर्सिथने स्वतःच्या शिकारीसाठी जी खात्री आवश्यक मानली, ती शेतकऱ्याच्या पिकासाठी आणि मरणाऱ्या प्राण्यासाठी अनावश्यक कशी ठरावी? दीडशे वर्षांच्या या इतिहासातून एवढा प्रश्न तरी निश्चितपणे पुढे येतो.