निरपराध गळ्यातले पदक

इ. स. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत ६० किलो वजनी गटाच्या उपान्त्य मुष्टियुद्धात पंचांनी मणिपूरच्या सरितादेवी यांच्याविरुद्ध कौल दिला. भारताची हरकत फेटाळली गेली. १ ऑक्टोबरच्या पदकदान समारंभात त्यांनी अश्रू ढाळीत आपले कांस्यपदक प्रतिस्पर्धी कोरियन पार्क जी-ना यांच्याच गळ्यात घातले. पार्क यांनी ते परत देऊ पाहिले. पुढे सरितादेवींनी क्षमा मागितली. तरी आंतरराष्ट्रीय संघटनेने त्यांना वर्षभर खेळाबाहेर ठेवले.

तो कौल आम्हांसही खटकला. परंतु निवाडा पार्क यांनी दिला नव्हता. त्या केवळ लढल्या होत्या. अन्यायाविरुद्ध आवाज उठवावाच, पण निवाडा करणाऱ्यांपुढे. ही चूक रागाच्या भरात कोणाकडूनही घडेल. ती उघडपणे कबूल करण्यास मात्र, आम्हांस वाटते, ठोसे सोसण्याहून अधिक बळ लागते.