मागे बसणाऱ्यांचा इतिहास

जगाचा इतिहास जेत्यांनी लिहिला म्हणतात. वाहनांचा इतिहास मात्र हँडल धरून पुढे बसलेल्यांनी लिहिला, असं माझं नम्र मत आहे. मी बी.कॉम. झालेला बँकेतला कारकून. इतिहासाशी माझा संबंध जुन्या खातेवह्यांपुरता. तरी या विषयात हात घातला तो नाइलाजानं, कारण आमच्या घरातल्या मागे बसणारीनं एके दिवशी बसायलाच नकार दिला.

त्याचं असं झालं. आमचे चिरंजीव शिक्षणासाठी पुण्याला गेले आणि जाताना आपली स्पोर्ट मोटारसायकल माझ्या स्वाधीन करून गेले. म्हणाले, ''बाबा, रोज चालवत राहा, नाहीतर बॅटरी बसेल.'' गाडीची बॅटरी बसू नये म्हणून बापानं गाडीवर बसायचं! गाडी दिसायला नाकतोड्यासारखी. पुढून वाकलेली, मागून उचललेली, आणि मागचं सीट पासबुकापेक्षा थोडंसंच मोठं. चिरंजीवांच्या मित्रांनी मागचा शॉकअप शेवटच्या पायरीपर्यंत आवळून ठेवला होता. स्पोर्ट गाडी म्हणजे कडकच हवी, हा त्यांचा सिद्धांत. पहिल्या दिवशी बँकेत पोचेपर्यंत माझ्या खिशातली चिल्लरसुद्धा मोजून झाली.

आमचा यवतमाळ जिल्हा कापसाचा. कापसाला मानवणारी काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्या अंगावर टाकलेला डांबरी रस्ता तिच्याबरोबर खालीवर होतो. अशा रस्त्यावर कडक गाडी कशाला, असा व्यवहारी विचार करून मी हुकाचा पाना घेतला आणि शॉकअपची कडी सरसर पहिल्या पायरीवर आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी गाडी अशी मऊ चालली, की मला स्वतःतला इंजिनिअर सापडल्याचा भास झाला.

त्या रविवारी हिला घेऊन घाटंजीच्या बाजूला सासुरवाडीला निघालो. सासूबाई तिथे एकट्या असतात. गुडघ्यांनी अधू. गावाला बस दिवसातून एकदा, तीही परतीची नाही. आठवड्याला लेक गेली नाही तर म्हातारीची औषधं संपतात, आणि औषधांपेक्षा जास्त म्हणजे बोलणं साचतं. तेव्हा मागचं सीट हा आमच्याकडे चैनीचा विषय नव्हे. पहिला खड्डा आला. खालून 'ठण्ण' झालं आणि मागून ''अगं आई गं!'' तिसऱ्या खड्ड्याला ही सीटवरून उडाली ती माझ्या खांद्यावरच आली. गाव दोन किलोमीटरवर असताना उतरली आणि पदर खोचून चालू लागली. परत येताना कुणाच्या तरी मालगाडीत ड्रायव्हरशेजारी बसून आली. घरी आल्यावर कमरेला शेक घेत एवढंच म्हणाली, ''त्या गाडीवर मी पुन्हा बसणार नाही. आईकडे कशी जायचं ते बघीन माझी मी.''

यातलं शेवटचं 'माझी मी' मला खड्ड्यापेक्षा जास्त लागलं.

गाडी मिस्त्रीकडे नेली. ''एवढी मऊ केली, तरी दणके कसे?'' मी विचारलं. त्यानं शॉकअपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, ''सायेब, तुमी तुमच्यापुरतं ढिल्लं करून घेतलं जी. मांगं बाई बसते, त्याचा हिसाब कुठी हाय?''

हे वाक्य डोक्यात घेऊन मी पुस्तकं चाळू लागलो, आणि वाचतो तो काय, मागच्याचा हिशेब फार जुन्या काळापासून राहिलेला! आपली वऱ्हाडातली दमणी घ्या. हलकी, ऐटदार बैलगाडी. पण स्प्रिंगचं नाव नाही. शंकरपटाच्या गाडीवर तर हाकणाऱ्यापलीकडे जागाच नसते. स्पोर्ट वाहनाची रीत ही अशी जुनी आहे. १८८८ साली बेलफास्टमधल्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि जगाला पहिला खरा आराम मिळाला. बाप मुलासाठी गाडी मऊ करतो, ही परंपरा तिथली. आमच्याकडे मुलगा बापासाठी आवळून जातो.

पुढे मोटारसायकली आल्या. त्यांच्या मागच्या चाकाला कित्येक वर्षं शॉकअप नव्हताच. चाक सांगाड्यात घट्ट बसवलेलं. स्प्रिंगा होत्या, पण कुठे? चालवणाऱ्याच्या सीटखाली! मागच्यासाठी मडगार्डवर एक गादीचा तुकडा. १९२८ साली फिल व्हिन्सेंट या केंब्रिजच्या विद्यार्थ्यानं मागच्या चाकाला बिजागरी देऊन स्प्रिंगवर टांगायच्या रचनेचं पेटंट घेतलं. वय अवघं वीस. पण लोकांचा विश्वास बसायला वेळ लागला. मागचं चाक हललं तर गाडी भरकटेल, ही भीती. १९४८ साली रॉयल एन्फील्डनं हलणाऱ्या चिमट्याची बुलेट स्पर्धेत उतरवली, आणि त्याच वर्षी इटलीतल्या सहा दिवसांच्या शर्यतीत ब्रिटनच्या विजयी संघात बुलेटी होत्या. १९५५ पासून ती बुलेट मद्रासला बनू लागली, १९६१ पासून म्हैसूरला जावा. मागे बसणाऱ्या भारतीय बाईच्या पाठीला स्वातंत्र्य मिळालं ते असं, देशाच्या मागाहून.

नंतर ल्युसिएन टिल्केन्स या बेल्जियन इंजिनिअरची कल्पना यामाहानं उचलली. दोन शॉकअपांच्या जागी एकच, मोठा. १९७३ साली त्या गाडीवर हाकान आंदेर्सन २५० सी.सी. मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. आपल्या महाराष्ट्रातल्या चाकणहून २०१२ साली पल्सर २०० एन.एस. आणि केटीएम ड्यूक निघाल्या, तेव्हा हा एकटा शॉकअप गल्लोगल्ली पोचला. गंमत पाहा: शॉकअप सुधारत गेला आणि मागचं सीट आखडत गेलं!

इतिहास वाचून झाला. हिशेब बाकी होता. मिस्त्रीनं सांगितलं होतं, ''बाईले घेऊन या. रिकाम्या गाडीचा हिसाब घेऊन काय करता?'' मोजायला तरी चल, म्हणून हिला राजी केलं. तिचीच शिवणाची टेप घेतली. चाक उचलून आसापासून शेपटापर्यंत अंतर मोजलं. मग आम्ही दोघं बसलो आणि पुन्हा मोजलं. शॉकअपचा चाकापाशी एकूण पल्ला १२ सेंटिमीटर. त्यातले ७ आमच्या नुसत्या बसण्यातच खर्च! उरलेल्या पाचांत खड्डा मावत नव्हता, म्हणून शॉकअप तळाला आपटत होता. मी मऊ समजत होतो ते दिवाळं होतं. पल्ल्याचा चौथा ते तिसरा हिस्सा बसण्यात जावा, असा ठोकताळा. अगदी शून्यही चालत नाही, कारण खड्ड्यात चाकाला खाली उतरायलाही जागा लागते. मिस्त्रीनं कडी पाचव्या पायरीवर नेली. टेपवर ४ आले.

''म्हणजे स्प्रिंग कडक झाली ना?'' हिनं विचारलं. इथे माझं बी.कॉम. प्रथमच संसारात उपयोगी पडलं. म्हटलं, ठेव वाढवली म्हणून व्याजाचा दर वाढत नाही. दर ठरतो तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर. आपण फक्त सुरुवातीची शिल्लक वाढवली.

राहिला तेलाचा स्क्रू. स्प्रिंग दणका उसना घेते आणि लगेच एकरकमी परत करते. त्यानंच माणूस उडतो. शॉकअपमधलं तेल ती परतफेड हप्त्यांनी करायला लावतं. मिस्त्रीनं स्क्रू एकच टिक आवळला. जास्त आवळला तर पहिला दणका फिटायच्या आत दुसरा येतो, आणि गाडी खाली खाली बसत जाते. एक कर्ज फिटण्याआधी दुसरं आलं की काय होतं, हे आमच्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काउंटरच्या अलीकडे बसून मी ते पाहत आलो आहे.

पुढच्या रविवारी निघालो. पहिल्या खड्ड्याला मी श्वास रोखला. दणका बसला, नाही असं नाही. पण 'ठण्ण' नव्हतं. मागून आवाज आला, ''जरा हळू. आईसाठी संत्री घ्यायचीत.'' बँकेच्या भाषेत याला खातं पुन्हा चालू झालं म्हणतात.

आता सोमवारी एकटा बँकेत जातो तेव्हा गाडी चांगलीच हादरवते. दोघांसाठी लावलेली आहे, एकट्याला कडकच लागणार. पाना घरी खिळ्यालाच अडकवलेला आहे. दोन मिनिटांचं काम.

पण मी तो काढत नाही.