अंबाडा, कॉलर आणि हेल्मेट

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुली उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. प्रबोधिनीच्या इतिहासातील मुलींची ही पहिलीच तुकडी. मुलांसाठी उभारलेल्या सैनिकी संस्थेत मुली दाखल होतात तेव्हा निवास, प्रशिक्षण आणि गणवेश यांच्या पाठोपाठ वरवर क्षुल्लक भासणारा एक प्रश्न हमखास उभा राहतो : केसांचे काय करायचे? अमेरिकी सैन्याच्या नियमावल्यांत या प्रश्नाचा पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास सापडतो. आजचा धागा त्याविषयी.

पुरुष कॅडेटच्या बाबतीत उत्तर सोपे होते. पहिल्याच दिवशी न्हाव्याची खुर्ची, पाच मिनिटांत डोके मोकळे. मे १९४२ मध्ये स्त्रियांचे सहायक सैन्यदल स्थापन झाले, तेव्हा मात्र संचालिका ओव्हेटा कल्प हॉबी यांच्यापुढे दुहेरी पेच होता. गणवेश नीटनेटका दिसायला हवा होता. आणि सैन्यात गेलेल्या मुली पुरुषी होतात, ही समाजातील कुजबुजही थोपवायची होती. म्हणून केस कापण्याची सक्ती झाली नाही. ते कॉलरला टेकता कामा नयेत, एवढाच दंडक ठरला. म्हणजे केस लांब असू द्यात, पण लांब दिसू देऊ नका. या तडजोडीतून अंबाडा हा जणू गणवेशाचाच भाग बनला.

नियम सर्वांना सारखा होता. केस सर्वांचे सारखे नव्हते. सरळ केस खाली लोंबतात, ते वर उचलून बांधले की काम झाले. घट्ट कुरळे केस बाहेरच्या दिशेने वाढतात. त्यांना त्याच आकारात बसवायचे तर तापवलेला कंगवा, रसायने, तास-दोन तास आणि त्यातले जाणकार हात लागतात. जुलै १९४२ मध्ये फोर्ट डी मॉइन येथे अधिकारीपदासाठी दाखल झालेल्या पहिल्या ४४० स्त्रियांत सुमारे ४० कृष्णवर्णीय होत्या. त्यांची राहण्याची व्यवस्थाही वेगळी. त्यांच्यातल्याच चॅरिटी अ‍ॅडम्स पुढे ८५५ स्त्रियांच्या ६८८८ व्या टपाल तुकडीच्या प्रमुख झाल्या. १९४५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे या तुकडीने युद्धकाळात तुंबलेल्या लाखो पत्रांचा निपटारा केला, आणि त्याबरोबरच स्वतःचे केशकर्तनालयही चालवले. टपाल तुकडीच्या कामगिरीत या केशकर्तनालयाचा उल्लेख बहुधा गंमत म्हणून येतो. मला त्यात गंमत दिसत नाही. नियम पाळायचा तर त्याची साधनेही स्वतःच उभारा, असाच त्याचा अर्थ होता.

वेस्ट पॉइंटचे दरवाजे मुलींसाठी उघडले ते ७ जुलै १९७६ रोजी. ११९ जणी आत गेल्या, १९८० मध्ये ६२ पदवीधर झाल्या. त्यांत कृष्णवर्णीय दोघीच. संचलनाच्या कोटाला मुलांप्रमाणे मागचे शेपूट मुलींना द्यावे की नाही, यावर तिथे बराच खल झाला होता. शेपूट नसलेले कोट शिवले गेले, मुली रांगेत उठून दिसू लागल्या आणि पुढे तो निर्णय फिरवावा लागला. कोट उसवता येतो. केसांचा नियम मात्र तसाच राहिला.

तो खऱ्या अर्थाने ऐरणीवर आला २०१४ मध्ये. मार्चअखेर सैन्याने नवी नियमावली काढली. तिने पिळाच्या बटा आणि जटासदृश केशरचना वर्ज्य ठरवल्या, बारीक वेण्यांच्या जाडीवर पाव इंचाची मर्यादा घातली आणि अशा केसांना ‘गबाळे’, ‘जट धरलेले’ या अर्थाचे शब्द वापरले. आपल्याकडे केसांत जट येणे म्हणजे काय, हे सांगायला नको. पण येथे ज्या बटांविषयी बोलणे चालले होते, त्या निगुतीने वळलेल्या, रसायनांवाचून केस आटोपशीर ठेवण्याच्या जुन्या पद्धती होत्या. निषेधाच्या अर्जावर १७,००० हून अधिक सह्या पडल्या, काँग्रेसमधील कृष्णवर्णीय महिला सदस्यांनी संरक्षणमंत्र्यांना पत्र धाडले. ऑगस्टमध्ये ते शब्द गेले, काही बंधने सैल झाली. जटासदृश रचनेला सैन्याने परवानगी दिली ती जानेवारी २०१७ मध्ये.

एव्हाना अंबाड्याविरुद्धची तक्रार केवळ कुरळ्या केसांपुरती उरली नव्हती. मानेवर घट्ट अंबाडा असला की हेल्मेट मागून उचलले जाते आणि पुढून डोळ्यांवर येते. पालथे पडून नेम धरायचा असेल तर लक्ष्यच झाकले जाते. वर्षानुवर्षे ताण बसून कपाळाजवळचे केस गळतात, डोके ठणकते. नीटनेटकेपणासाठी केलेला नियम खुद्द सैनिकी कामातच आडवा येत होता.

दुसऱ्या टोकाचा विरोधाभासही पाहण्याजोगा आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये क्रिस्टन ग्रीस्ट आणि शे हेव्हर या वेस्ट पॉइंटच्या दोघी पदवीधर अत्यंत खडतर असे रेंजर प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्या पहिल्या स्त्रिया ठरल्या. प्रशिक्षणात दोघींचे डोके पुरुषांप्रमाणेच भादरलेले होते. स्त्रियांचे केस पाव इंचाहून आखूड नसावेत, असा नियम तेव्हा पुस्तकात होता. म्हणजे सैन्याने गौरवलेले डोके सैन्याच्याच मोजपट्टीवर नापास!

जानेवारी २०२१ मध्ये ही किमान मर्यादा रद्द झाली. या वेळी नियम ठरवण्याआधी बहुतांश स्त्रिया असलेल्या सैनिकांच्या एका गटाला बसवून विचारले गेले, त्वचारोगतज्ज्ञांचे मत घेतले गेले. त्याच महिन्यात हवाई दलाने डोकेदुखी आणि केसगळतीचे कारण देत एक-दोन वेण्यांना आणि पोनीटेलला मान्यता दिली. लष्कराने जानेवारीत पोनीटेलला अटी घातल्या होत्या. मे महिन्यात सर्व गणवेशांवर ती चालू लागली. लांबी खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या कडेपर्यंत. आणि मैदानी सरावात ती अडकू नये म्हणून सदऱ्याच्या आत खोचण्याची मुभा मिळाली.