ज्युनो–१०६ : व्हॉइस चिपचा बिघाड
जपानच्या रोलँड कंपनीचा ज्युनो–१०६ (१९८४) हा एका वेळी सहा सूर वाजवणारा ॲनालॉग सिंथेसायझर. त्याच्या सहा व्हॉइसपैकी (एकेक सूर वाजवणाऱ्या मंडलांपैकी) प्रत्येकाचे फिल्टर व आवाजाची पातळी ‘८००१७ए’ ही स्वतंत्र चिप सांभाळते. चिपवरील इपॉक्सीचे आवरण कालांतराने किंचित विद्युत्‌वाहक बनते. त्यातून होणाऱ्या गळतीप्रवाहामुळे सूर क्षीण होतो, करकरतो किंवा बंद पडतो. ओळीने सूर वाजवताना दर सहाव्या सुराला दोष जाणवणे, ही याची ठळक खूण. निदानासाठी आधी वीजपुरवठ्याचे व्होल्टेज मोजतात, मग एकेक व्हॉइस तपासून सदोष चिप शोधतात. ती काढून ॲसिटोनमध्ये भिजवतात व आवरण उतरवतात. तरीही न सुधारल्यास नवी प्रतिकृती बसवतात. शेवटी सर्व व्हॉइस पुन्हा एकसारखे जुळवून घेणे आवश्यक असते.