शेजारचे पान

मुलुंडला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कोजागरीला दूध आटेपर्यंत काहीतरी खेळ निघतो. यंदा प्रश्न होता : जिवंत असो वा दिवंगत, कोणत्या थोर व्यक्तीबरोबर एकदा जेवायला आवडेल? उत्तरे भराभर आली. शिवाजी महाराज, बाबासाहेब, विवेकानंद, लताबाई, कलाम. एका आजोबांनी पु.लं.चे नाव घेतले तेव्हा सगळे खुलले; पार्ल्यात वाढलेला माणूस म्हणजे आपल्या उपनगरांचा. नावांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती प्रश्नात दडलेल्या समजुतीबद्दल. ती इतकी रुळली आहे की नोकरीच्या मुलाखतीत आणि मासिकांच्या सदरांतही कोणी तिला हटकत नाही.

पूर्वपक्ष असा : जेवताना माणूस सैलावतो, मनातले बोलतो, दहा पुस्तकांतून कळणार नाही ते एका जेवणात कळते, म्हणून संधी एकच असेल तर सर्वांत मोठे नाव निवडावे. थोडक्यात, जेवण हे निमित्त, संभाषण हे फळ, आणि कीर्ती ही निवडीची कसोटी.

या पक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा मराठीतच आहे. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठी गद्याच्या या आद्य ग्रंथात जेवणाखाणाचे प्रसंग पानोपानी येतात, आणि त्यांतून स्वामी आज आपल्यापुढे चालते-बोलते उभे राहतात, हे खरेच. पण त्या आठवणी कोणाच्या आहेत? नागदेव, बाइसा, महदाइसा या शिष्यांच्या. त्यांनी स्वामींबरोबर वाटा तुडवल्या, भिक्षेचे अन्न खाल्ले, पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले. महदाइसा तर प्रश्न विचारून पिच्छा पुरवणारी. एका रात्रीच्या पाहुण्याला यातले काय मिळाले असते? सहवासाचे श्रेय आपण भोजनाला देतो, इथेच पहिली गल्लत होते.

शिवाय ज्यांची नावे आपण घेतो, त्यांचे जेवण आपल्या सोयीचे नव्हते. गांधीजींनी 1915 साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात व्रत घेतले : दिवसभरात पाचांहून अधिक पदार्थ नाहीत आणि अंधार पडल्यावर काही नाही. ऑफिसातून घरी येऊन रात्री नऊला ताट मांडणाऱ्या उपनगरी माणसाच्या पंक्तीला ते बसलेच नसते. बुद्धांच्या संघात तर मध्यान्हानंतर भोजन वर्ज्य. हे किरकोळ नाही. त्या माणसांच्या लेखी जेवण ही गप्पांची बैठक नव्हती, आचरणाची जागा होती.

आता खरा मुद्दा. हे स्वप्नातले जेवण, निदान त्याचा चहा, महाराष्ट्रात एकदा प्रत्यक्ष घडला आहे. ऑक्टोबर 1890. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले एकाच वेळी हजर, समोर चहा-बिस्किटे. या टेबलाशी खुर्ची मिळावी म्हणून आज आपल्यापैकी कोण धावणार नाही? पण तिथे कोण काय बोलले, हे इतिहासाने जपले नाही. जपली ती नावांची यादी. गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान, यांनी ती ‘पुणेवैभवा’त छापून आणली आणि शहर पेटले. कोणी घोट घेतला, कोणी नुसता कप हाती धरून बाजूला ठेवला, यावर खल झाला. ग्रामण्य उभे राहिले, शंकराचार्यांपर्यंत तक्रार गेली, चौकशी बसली, प्रायश्चित्ते झाली. रानड्यांनीही शेवटी प्रायश्चित्त घेतले. त्यामुळे त्यांचे सुधारक स्नेही किती दुखावले आणि ते स्वतः काय सोसत होते, हे त्यांच्या पत्नी रमाबाईंच्या आठवणींत वाचावे. तीन थोर माणसे एका छपराखाली जमली, आणि मागे उरला एवढाच प्रश्न : कोणी कोणाच्या हातचे घेतले?

उरला, कारण आपल्याकडे तोच प्रश्न होता. मराठी भाषाच साक्ष देते. एकाच पंगतीत दुजाभाव करण्याला आपण ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतो. ज्याच्या बसण्याने पंगत पवित्र होते तो ‘पंक्तिपावन’, ज्याला बसूच द्यायचे नाही तो ‘अपांक्तेय’. नातेसंबंधांना शब्द ‘रोटीबेटी व्यवहार’, आणि त्यात रोटी आधी. ज्या भाषेने पंगतीसाठी इतके शब्द घडवले, त्या भाषेत ‘कोणाबरोबर जेवाल?’ हा प्रश्न हौसेचा कसा असेल?

गच्चीवर सर्वाधिक वेळा आलेले नाव बाबासाहेबांचे होते. त्यांच्या लहानपणीचे एक जेवण त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. 1901 साल. घरातली मुले वडिलांकडे कोरेगावला निघालेली. अंगावर नवे कपडे, बरोबर भरलेला डबा. मसूर स्टेशनवर उतरल्यावर जात कळली आणि बैलगाडी मिळेना. शेवटी दुप्पट भाड्यावर मिळाली, तीही मुलांनीच हाकायची. गाडीवान बाजूने पायी. रात्री जकातनाक्यावर मुक्काम. पोटात भूक होती, डब्यात अन्न होते, पण पिण्याचे पाणी कोणी देईना. पाण्यावाचून घास उतरणार कसा? मुले भरल्या डब्याशेजारी उपाशी झोपली. त्यांच्याबरोबर जेवायची इच्छा धरणाऱ्याने त्या डब्याचे झाकण एकदा मनात उघडून बघावे. मग त्यांना काय विचारायचे याची यादी आपण करणार नाही. आधी तांब्या भरून ठेवू.

ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणायची माझी छाती होत नाही. मुलुंड, घाटकोपरला ‘फक्त शाकाहारी कुटुंबास’ ही अट घर बघायला गेलेल्या कोणत्याही मराठी माणसाला नवीन नाही. माझ्या ओळखीच्या एका मालवणी बाई बोंबील तळायच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतात, दाराच्या फटीला ओला टॉवेल गुंडाळून ठेवतात, उदबत्ती लावतात आणि मगच तव्यावर तेल सोडतात. जूनमध्येसुद्धा. घामाने निथळत त्या एकेक तुकडा रव्यात घोळवतात आणि मधूनच लिफ्टचा आवाज ऐकून हात थांबवतात. घर त्यांच्या मालकीचे आहे. त्याच मजल्यावरच्या एकांनी कोजागरीला विवेकानंदांचे नाव घेतले. विवेकानंद मासे खात, हे त्यांच्या चरित्रांत आहे. ते गृहस्थ मनाने वाईट नाहीत. पण दिवंगत थोराला त्यांच्या ताटाशेजारी जागा आहे आणि भिंतीपलीकडच्या बाईंना नाही, आणि यातली विसंगती त्यांना जाणवू न देण्याचे काम हा प्रश्न करतो. दूरच्या माणसाबरोबर मनातल्या मनात जेवण्याला काहीच मोजावे लागत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. आंबेडकरांनीच 1936 साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या पण न झालेल्या भाषणात, सहभोजनाने जात मरत नाही असे बजावले आहे. एकत्र जेवणाऱ्या जातीही आपापले जातिभान जपून असतात. खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याहीआधी जातीला पावित्र्य देणाऱ्या शास्त्रांची सत्ता झुगारणे. मग पंगतीचे एवढे कौतुक कशाला? मला त्यांचे म्हणणे पूर्ण मान्य आहे. पंगत हे औषध नव्हेच. पण ताप मोजायला ती आजही उपयोगी पडते, आणि ताप आहे की नाही हेच नाकारणाऱ्यांच्या वस्तीत मोजणेही गरजेचे असते.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीला अकरा क्रमांकाचे लेणे आहे. त्याला दरबार म्हणून ओळखतात. आत लांबच लांब दोन दगडी बाक, जमिनीपासून जेमतेम उचललेले, समोरासमोर. ही भिक्षूंची भोजनशाळा असावी असे काही अभ्यासक मानतात, काहींना ती पठणाची बैठक वाटते. काही असो, संघात बसण्याचा क्रम जन्मावरून ठरत नसे. दीक्षा घेऊन किती वर्षावास झाले, त्यावरून ठरे. उपाली न्हाव्याला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, ती राजपुत्रांनी त्याला वंदन करावे म्हणून, अशी विनयपिटकातली कथा आहे. त्या बाकावर तळहात टेकवला की दगड भर उन्हाळ्यातही गार लागतो. इथे शेजारी कोण येईल हे कोणालाच निवडता येत नव्हते, हे मला त्या बाकांचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

मग मी कोणाचे नाव घ्यावे? गच्चीवर मी म्हणाले, गंगाराम कांबळे. दोन-तीन जणांनी विचारले, हे कोण.

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पागेत हा माणूस कामाला होता. सवर्णांच्या पाण्याला शिवला म्हणून सहकाऱ्यांनी त्याला मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, आणि गंगारामला स्वतःचा धंदा काढायला पैसे दिले. त्याने भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे हॉटेल उघडले, नाव ‘सत्यसुधारक’. अस्पृश्याच्या हातचा चहा घ्यायला गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज फेरफटक्याला निघाले की गाडी त्या दारात थांबवत, चहा मागवत, स्वतः पीत आणि गाडीतल्या सवर्ण मंडळींनाही प्यायला लावत. महाराजांची थोरवी मी कमी लेखत नाही. 1920 साली माणगावच्या परिषदेला जाऊन आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही देणारा राजा होता तो. पण ही गोष्ट सांगताना आपण नेहमी गाडीत बसलेल्याकडे पाहतो. छत्रपतीला तो कप घेताना कोणी वाळीत टाकणार नव्हते. चूल रोज सकाळी पेटवायची होती ती गंगारामला. कपबशा धुऊन मांडायच्या, दूध तापवायचे, आणि रस्त्यावरचा एकेक ओळखीचा चेहरा दारासमोरून मान वळवून जाताना बघायचा. दूध नासले तर त्याचेच नासणार होते.

म्हणून मला त्याच्याकडे जायचे आहे. मेजवानी नको, मुलाखतही नको. एक चहा घ्यायचा, पैसे द्यायचे. तोही अशा सकाळी, जेव्हा महाराजांची गाडी त्या दारात अजून एकदाही थांबलेली नसेल.