तांबडा गाळ आणि इंधनाचा विसरलेला धागा

४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतील आयका येथील अॅल्युमिना कारखान्याच्या गाळसाठ्याचा बांध फुटला. तांबडा चिखल कोलोन्तार आणि देवेचेर या गावांत शिरला. दहा माणसे दगावली. गाळात कॉस्टिक सोडा असल्याने कित्येकांची कातडी भाजून निघाली. जगाला 'रेड मड' ठाऊक झाला तो असा. याच गाळाने एकेकाळी इंधन घडवायला हातभार लावला होता, याची आठवण मात्र फारशी कुणाला नव्हती.

या गाळाचा उगम १८८८ च्या पेटंटात आहे. ऑस्ट्रियन रसायनज्ञ कार्ल योसेफ बायर तेव्हा सेंट पीटर्सबर्गला होता. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तेथे अॅल्युमिना लागे. बॉक्साइट कॉस्टिक सोड्यात तापवून त्यातील अॅल्युमिना विरघळवायचे आणि उरेल ते गाळून टाकायचे, ही त्याची रीत. उरते ते मुख्यतः लोहाचे ऑक्साइड, सोबत सिलिका आणि टायटॅनियम. पुढे अॅल्युमिनियमची मागणी वाढली, तसे ढीगही वाढले. आज एक टन अॅल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन गाळ निघतो. कोल्हापूर जिल्ह्यातील पठारांवरचे बॉक्साइट बेळगावच्या कारखान्यात गेले, तेथेही हाच हिशेब.

जर्मनीत गॅस कारखान्यांनी या गाळाला पहिले काम दिले. गॅसमधील गंधक धरून ठेवायला 'लक्समासे' नावाने तो वापरात आला. १९१३ मध्ये फ्रीडरिश बेर्गियसने प्रचंड दाबाखाली कोळशात हायड्रोजन घालून तेल काढण्याचे पेटंट घेतले. त्याने कोळशात लक्समासे मिसळले तेही गंधकासाठीच. ते उत्प्रेरकाचेही काम करते, हे नंतर उमगले. बेर्गियसला १९३१ चे नोबेल मिळाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमानांचे पेट्रोल मुख्यतः कोळशाच्या हायड्रोजनीकरणातूनच आले. युद्धानंतर खनिज तेल स्वस्त झाले आणि ही विद्या मागे पडली.

कार्बन डायऑक्साइडचा धागा वेगळा. १९०२ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे पॉल साबातिए आणि सांदरां यांनी निकेलच्या साहाय्याने या वायूपासून मिथेन केला. लोहाची चाल निराळी: ते आधी कार्बन डायऑक्साइडचा कार्बन मोनॉक्साइड करते, मग कार्बनच्या साखळ्या जोडते. २०२० मध्ये सौदी अरेबियातील किंग अब्दुल्ला विद्यापीठाच्या संशोधकांनी पोटॅशियम घातलेला तांबडा गाळ याच कामाला लावला आणि त्यातून हायड्रोकार्बन मिळवले. दोन्ही धागे येथे जुळले.

मात्र उत्साहाच्या भरात एक साधी गोष्ट सुटते. उत्प्रेरक खर्ची पडत नाही, म्हणूनच तो उत्प्रेरक. थोडासा गाळ पुष्कळ दिवस पुरेल. म्हणजे डोंगर तसेच राहतील. शिवाय या प्रक्रियेला हायड्रोजन हवा. तो कोळसा वा नैसर्गिक वायूपासून काढला, तर पकडलेल्यापेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड पुन्हा हवेत जाऊ शकतो.

तेव्हा या शोधाचे मोल डोंगर संपवण्यात नाही. महाग धातूंच्या जागी टाकाऊ लोह चालू शकते, एवढे तो दाखवतो. आयकासारखे बांध मात्र सांभाळावेच लागतील, आणि नवा गाळ कमी कसा निघेल याचा विचार अॅल्युमिनाच्या कारखान्यातच व्हायला हवा.