सूडाची धून : इटालियन वेस्टर्नमधील संगीत आणि स्मृती

सूडकथेपुढे एक अडचण नेहमीच असते. मूळ अपराध बहुधा कथेच्या आरंभापूर्वीच घडून गेलेला असतो आणि तो कोणीतरी वर्तमानात आणून उभा करावा लागतो. एलिझाबेथकालीन सूडनाट्याने हे काम अनेकदा भुताकडे सोपवले. 'हॅम्लेट'मधले पित्याचे भूत तर आगरकरांच्या 'विकारविलसिता'पासून मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. १९६०च्या दशकातील इटालियन वेस्टर्नपटांनी हेच काम संगीताकडे दिले. या संगीताविषयीची चर्चा बहुधा शीळ, चाबूक आणि घंटा यांच्या नावीन्यापाशी थांबते आणि हा मुद्दा निसटतो.

ते नावीन्य अर्थातच खरे होते. सर्जिओ लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) तुटपुंज्या पैशांत, स्पेनमधल्या रखरखीत मुलखात चित्रित झाला. संगीतकार एन्निओ मोरिकोने हा लिओनेचा शाळासोबती. सांता चेचिलिया संगीतविद्यालयात गोफ्रेदो पेत्रास्सींकडे रचनाशास्त्र शिकलेला आणि प्रयोगशील संगीताच्या वर्तुळात वावरणारा हा माणूस पोटासाठी लोकप्रिय गाण्यांचे वाद्यमेळ बांधून देत असे. पूर्ण वाद्यवृंद परवडण्याजोगा नव्हता, हे खरे. तथापि केवळ गरिबीतून शैली जन्मत नाही. इटलीत त्या काळी चित्रीकरणाच्या वेळी ध्वनी बहुधा जपला जातच नसे. नट आपापल्या भाषेत बोलत आणि संवाद, पावलांचे आवाज, गोळ्या हे सारे मागाहून भरले जाई. साहजिकच पावलाचा आवाज आणि बासरीचा स्वर एकाच पातळीवर आले. दोन्ही बाहेरूनच आणायचे, तर त्यांत भेद कशाला? अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीची शीळ आणि चाबकाचा फटकारा एकाच रचनेत सुखाने नांदतात, त्याचे एक कारण मला येथे दिसते.

परंतु या शैलीला अर्थ लाभला तो 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर' (१९६५) या पुढच्या चित्रपटात. इंडिओ हा दरोडेखोर एक खिशातले घड्याळ बाळगतो. झाकण उघडले की त्यातून किणकिणती धून वाजते. ती संपली की समोरच्याने पिस्तूल उचलायचे, असा त्याचा नियम. एका द्वंद्वाच्या वेळी या कोवळ्या धुनीवर चर्चमधला ऑर्गन बाखच्या 'टोकाटा'चे स्वर घेऊन कोसळतो. इंडिओ गांजा ओढतो आणि त्या धुंदीत त्याला एक रात्र आठवते : त्याने एका तरुणाला ठार केले, त्याच्या प्रेयसीवर बलात्कार केला आणि तिने त्याच अवस्थेत त्याच्याच पिस्तुलाने स्वतःला संपवले. घड्याळ तिचे. तसेच दुसरे घड्याळ कर्नल मॉर्टिमरपाशी आहे, आणि ती त्याची बहीण होती हे आपल्याला अगदी शेवटी कळते.

वैशिष्ट्य हे की स्मृतिदृश्ये मॉर्टिमरची नाहीत, इंडिओची आहेत. सूड घेणारा माणूस गप्प राहतो. आठवणीने पछाडला जातो तो अपराधी. अखेरच्या द्वंद्वात इंडिओच्या घड्याळातली धून संपत येते आणि तेवढ्यात दुसऱ्या घड्याळातून तीच धून नव्याने सुरू होते, कारण क्लिंट ईस्टवुडचा माँको मॉर्टिमरचे घड्याळ हातात घेऊन येतो. एका धुनीचे दोन वारस समोरासमोर उभे राहतात. हे संगीत हिंसेला मोहक बनवते, असा आक्षेप घेतला जातो. तो सर्वस्वी खोटा नाही. पण येथे संगीत हिंसेला लांबवते आणि त्या लांबलेल्या अवधीत मृत स्त्रीला हजर राहू देते. मॉर्टिमर शेवटी बक्षिसाची रक्कम नाकारून निघून जातो.

'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) याच कल्पनेला टोकाला नेतो. मोरिकोनेचे संगीत आधी तयार झाले आणि लिओनेने ते चित्रीकरणस्थळी वाजवून नटांच्या हालचाली त्यावर बेतल्या. आरंभीचा दीर्घ प्रसंग मात्र संगीताविना आहे : पवनचक्कीची कुरकुर, टोपीवर ठिबकणारे पाणी, एक माशी. मग माउथ ऑर्गन ऐकू येतो. चार्ल्स ब्रॉन्सनच्या पात्राला नाव नाही. वाद्य हेच त्याचे नाव. ते बोचरे, बेसूर स्वर कोठून आले, हे अखेरीस उलगडते. फ्रँकने गळ्यात फास असलेल्या माणसाला त्याच्याच धाकट्या भावाच्या खांद्यांवर उभे केले आणि त्या मुलाच्या तोंडात माउथ ऑर्गन कोंबला. मुलगा तो वाजवत नव्हता. त्याला धाप लागली होती आणि ती धाप वाद्यातून बाहेर पडत होती. ज्याला आपण तासन् तास संगीत समजत होतो, तो एका मुलाचा श्वास होता. मरणाऱ्या फ्रँकच्या तोंडात तेच वाद्य कोंबले जाते, तेव्हा त्याला ओळख पटते.

('शोले'तही (१९७५) माउथ ऑर्गन आहे, आणि ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्याकांडावर लिओनेची छाया स्पष्ट आहे. पण तेथे जयचे वाद्य अबोल प्रेमाचे झाले. सूडाची ध्वनिस्मृती शोधायची तर ती त्या अंगणातल्या झोपाळ्याच्या कुरकुरीत सापडेल.)

सर्जिओ कॉर्बुच्चीचा 'द ग्रेट सायलेन्स' (१९६८) मात्र या साऱ्याला नकार देतो. वाळवंटाच्या जागी बर्फ, आणि नायक मुका : इनामासाठी माणसे मारणाऱ्यांनी लहानपणीच त्याचा गळा चिरला होता. अपराधाने येथे धून मागे ठेवलेली नाही, आवाजच काढून घेतला आहे. मोरिकोनेचे संगीतही मवाळ, जवळजवळ सांत्वन करणारे आहे. निर्मात्यांसाठी एक सुखान्तही चित्रित करून ठेवला होता, पण प्रदर्शित झालेल्या चित्रपटात नायक मरतो, नवऱ्याच्या खुनाचा सूड मागणारी पॉलिन मरते, ओलीस धरलेली माणसेही मरतात. आणि लोको त्या मुक्या माणसाचे पिस्तूल उचलून बर्फातून निघून जातो.